घोळणा

थोरलीच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं ते शाळेत, आणि कोणी फारसं मनावर घेतलं नाही. घोळणा फुटतो पोरांचा. डोक्यावर गार पाणी थापा, नाक चिमटीत धरा, जरा दम धरा, थांबतं. हिचंही थांबलं. मग ते जेवताना आलं, खेळताना आलं, झोपेत आलं, आणि सकाळी उशी बघावी तर तिच्यावर कोणी कोंबडं कापलंय की काय असं वाटायचं. थोरलीचं जरा बरं होतंय तोवर धाकट्याचं सुरू. त्याचं नाकातून कमी, हिरड्यांतून जास्त. दात घासून पोरगं हसत बाहेर यायचं आणि तोंड सगळं लाल.

वर अंगावर डाग. दंडावर, मांडीवर, पाठीवर, निळेजांभळे. कुठं आपटलास, तर नाही आपटलो. कोणी मारलं, तर कोणी नाही. मध्ये डाग पिवळे पडून जायचे, आईबाप जरा हुश्श करायचे, आणि महिना उलटतो न उलटतो तोच पुन्हा पहिल्यापासून.

बाप या प्रकारानं पिसाळला होता. आता हा बाप कोण ते सांगायला हवं. त्याला सगळा बाजार बोका म्हणायचा. धंदा उंदीर मारण्याचा. धान्याची गोदामं, बेकऱ्या, साबणाचे कारखाने, जिथं म्हणून उंदीर माजले तिथं बोक्याला बोलावणं. दुसरे लोक औषध टाकून मोकळे होत आणि उंदीर त्या औषधाला हुंगूनसुद्धा बघत नसत. बोक्यानं टाकलेलं मात्र चाटूनपुसून साफ. चौथ्या-पाचव्या दिवशी पोत्यांच्या फटींतून एकेक बाहेर यायचा, लटपटत, नाकातून तोंडातून पातळ रक्त गाळत, आणि उघड्यावर मरून पडायचा. एखादा रखडला तर बोका हातभर लोखंडी गज घ्यायचा आणि एका घावात डोकं चेचायचा. मला तडफड बघवत नाही, असं तो म्हणायचा. पण त्याच्याबरोबर काम केलेल्यांना विचारा. गज उचलताना त्याच्या तोंडावर दया नसायची. कामात हात साफ, रागात हातावर ताबा नाही, असा माणूस.

त्याच्या यशामागं एक युक्ती होती आणि तिचा त्याला केवढा तोरा. उंदराला परका वास चालत नाही. डब्यातल्या औषधाला कारखान्याचा वास येतो, माणसाच्या हाताचा येतो. म्हणून बोक्यानं बारक्या कापडी थैल्या शिवून घेतल्या होत्या. बायको पोरांसाठी पीठ खरपूस भाजून एका मोठ्या डब्यात भरून ठेवायची. सकाळी ते दुधात शिजवलं की पोरांचा नाश्ता झाला. त्या डब्यात बोका आपल्या रिकाम्या थैल्या खुपसून ठेवायचा. भाजक्या पिठाचा वास कापडात मुरला की त्या काढायच्या, मागच्या शेडमध्ये नेऊन त्यांत विषारी दाणे भरायचे, तोंड बांधून दोन दिवस ठेवायचं. दाण्यांना घरचा वास लागतो. मग उंदराचा बाप खाईल.

काम झालं की थैल्या उकळत्या पाण्यात धुवायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि पुन्हा पिठाच्या डब्यात. साबण लावायचा नाही, साबणाच्या वासानं उंदीर बिचकतो. बायकोनं सुरुवातीला नाक मुरडलं होतं.

"पोरांच्या खाण्यात कशाला घालता ती चिंधोटी?"

"उकळलेल्या आहेत. तुझ्या हातांपेक्षा स्वच्छ आहेत," बोका म्हणाला.

"माझ्या हातांना नावं ठेवू नका. स्वयंपाक त्याच हातांनी होतो." पण ती हसली आणि विषय संपला. विष शेडमध्ये, लोखंडी पेटीत, कुलपात. किल्ली बोक्याच्या करगोट्याला. घरात विषाचा एक दाणा आला नाही कधी, हे तो छातीवर हात ठेवून सांगायचा आणि त्याला ते खरंच वाटायचं.

तर पोरांचं रक्त. पहिल्या डॉक्टरनं उष्णता म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं लिंबूवर्गीय फळं खायला घाला म्हणून सांगितलं. बोक्यानं पोरांना इतकी फळं चारली की त्यांची तोंडं आली. मग त्याच्या डोक्यात शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर बसला. हा पोरांना कोंबून भरतो, ढकलतो, कुणाकुणाच्या कानाखाली वाजवतो, असं त्यानं कुठूनसं ऐकलं. खरंखोटं कोण बघतो. शाळेच्या फाटकापाशी त्यानं ड्रायव्हरला गाडीतून खेचला, बॉनेटवर आडवा पाडला आणि तोंडावर ठोसे घातले. ड्रायव्हरचा पुढचा दात पडला. पोरं बघत होती. धाकट्यानं भीतीनं चड्डी ओली केली. त्यानंतर त्या गाडीनं या दोघांना घेतलं नाही, आणि रक्त काही थांबलं नाही.

शेवटी मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई मिळाली. बाई शांत, नीट बघणारी. तिनं पोरांचं रक्त तपासलं आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

"पोरांचं रक्त गोठत नाहीये. म्हणून जरा धक्का लागला तरी डाग पडतो. घराण्यात कुणाला असा त्रास?"

"नाही," बोका म्हणाला.

"घरात उंदराचं औषध वगैरे ठेवता का? विचारावं लागतं."

बोका तोंड उघडणार तेवढ्यात बायको पटकन म्हणाली, "आमच्या घरात उंदीरच नाहीत."

"आणि हे काय करतात?"

"गोदामात सुपरवायझर आहेत."

ही थाप आजची नव्हती. आधीच्या शाळेत पोरांना उंदीर म्हणायचे. थोरलीच्या डब्याला कोणी हात लावत नसे, बाकावर शेजारी बसत नसे. एक दिवस तिच्या दप्तरात कोणी मेलेलं पिल्लू टाकलं. तेव्हा बायकोनं शाळा बदलली, घर बदललं आणि बजावलं की यापुढे तुम्ही सुपरवायझर. बोक्याला ते झोंबलं होतं, पण पोरांसाठी गिळलं. आता डॉक्टरीणबाईसमोर त्यानं खाली बघितलं. विष कुलपात आहे, मग सांगून काय फरक पडतो, असं त्याला वाटलं. बाईंनी पोरांना ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली. पोरं टुणटुणीत झाली, घरी आली, सकाळी दुधात शिजवलेलं पीठ खाऊ लागली, आणि काही आठवड्यांत थोरलीच्या उशीवर पुन्हा लाल.

आता नवरा-बायकोत जुंपली. रक्तातलं दुखणं आईकडून येतं असं बोक्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

"तुझ्याच माहेरचं आहे हे," तो म्हणाला.

"माझ्या माहेरचे धडधाकट आहेत सगळे. माझा भाऊ बघा, बैलासारखा आहे."

"बैलच आहे. खातो किती ते बघतोय ना मी."

हा भाऊ म्हणजे पोरांचा मामा. ताईपेक्षा लहान, लग्न नाही, हाडापेरानं मोठा, स्वभावानं पोरांपेक्षा पोर. महिन्याच्या शेवटी मोठ्या गोदामाचं काम असलं की तो बोक्याच्या हाताखाली यायचा. पोती हलवायची, मेलेले उंदीर गोळा करायचे, थैल्या उकळायच्या. काम उरकलं तरी आठवडाभर मुक्काम ठोकायचा. पोरांना दंडाला धरून गरागरा फिरवायचा, खांद्यावर बसवायचा, सकाळी त्यांच्याच पंगतीला बसून पातेलंभर पीठ हाणायचा आणि वर पोरांचे वाडगे बोटानं निपटायचा. हल्ली त्याच्याही हिरड्यांतून रक्त यायचं. तो आरशात बघून म्हणायचा, "ताई, मला पण लिपस्टिक लागली." सगळे हसायचे. मामाचं बोलणं कोण मनावर घेणार.

बोका हसायचा नाही. रोगाला ठोसा मारता येत नाही हो, तेच तर त्याचं दुखणं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली रक्तात दोष आहे. रक्ताची गचांडी धरायची कशी? त्याला माणूस हवा होता. ज्याला माणूस हवाच असतो त्याला तो सापडतोच.

शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंनी थोरलीची बाही वर करून बोक्याला दाखवलं. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, निळा, स्पष्ट.

"धरल्याशिवाय असे वळ उठत नाहीत," बाई म्हणाल्या. "धाकट्याच्या दंडावरही आहेत. मी त्याला विचारलं, कोणी धरलं होतं? तो म्हणाला, मामानं. बघा, आम्हाला पुढं कळवावं लागेल."

बोक्यानं मनात महिने जुळवले. मामा येतो, पोरं रक्त ओकतात. मामा जातो, पोरं सावरतात. एवढं सरळ होतं आणि आपण डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत बसलो, असं त्याला वाटलं. पोरांना दोन हातांना धरून तो घराकडे चालायला लागला. इतका भरभर की धाकटा मागं फरफटत होता.

"बाबा, मामानं मारलं नाही," थोरली म्हणाली. "मामानं फिरवलं फक्त."

"तू गप्प बस."

"खरंच नाही मारलं. मामाला विचारा ना."

"गप्प बस म्हटलं ना." तिचा हात त्यानं एवढा आवळला की त्याचीच बोटं तिच्या मनगटावर उमटायला लागली होती. ते त्याला दिसलं नाही.

मामा मागच्या अंगणात थैल्या वाळत घालत होता. उन्हं उतरायला आली होती. बोक्याला बघून तो म्हणाला, "आलात भावोजी? आज लवकर सुट्टी?" त्याचं तोंड हसतं होतं आणि पहिला ठोसा त्या हसण्यावरच बसला.

मामा मागं गेला, दोरीवर पडला, दोरी तुटली. थैल्या मातीत पडल्या. "अहो, काय झालं?" असं तो म्हणाला, नाकावर हात धरून. बोक्यानं केस धरून त्याला भिंतीवर आपटला, पडल्यावर पोटात लाथ घातली, मग बरगडीत, मग पुन्हा पोटात. मामा अंगानं दुप्पट. त्यानं हात उचलला असता तर बोक्याला उभा मोडला असता. त्यानं नुसते हात डोक्यावर घेतले आणि तो "ताई, ताई" करत राहिला. ताईच्या नवऱ्यावर हात कसा उचलायचा, असला हा बावळट.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली तोवर बोक्यानं शेडच्या दारामागचा गज उचलला होता. तिनं तो दोन्ही हातांनी पकडला आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. गज खणकन खाली पडला.

"माझ्या भावाला मारून टाकता?"

"तो माझी पोरं मारतोय," बोका धापा टाकत म्हणाला. "विचार त्याला. विचार कसं मारतो ते."

"कोण मारतं? डोकं फिरलंय तुमचं. पोरं माझ्या नजरेसमोर असतात."

थोरली दारात उभी राहून रडत होती. तिच्याही नाकातून धार लागली होती आणि ती पुसतसुद्धा नव्हती. धाकटा तिच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून उभा.

मामा उठून मागच्या दारातल्या फरशीवर भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "असू दे ताई. काही नाही झालं." तिनं पदर त्याच्या नाकाला लावला. पदर भिजला. टॉवेल आणला, टॉवेल भिजला. बोका कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याचा राग अजून उकळत होता. नाटकं करतोय, असं तो म्हणालाही. एका ठोशाचं नाक ते, बाजारात असे ठोसे रोज खातात लोक आणि संध्याकाळी जेवायला बसतात. पण दुसरा टॉवेलही भिजला. मामाच्या हनुवटीवरून गळणारं रक्त फरशीवर पसरत होतं आणि पसरतच होतं. त्याला साय धरत नव्हती. कडेनं घट्ट होत नव्हतं. पाण्यात कालवल्यासारखं पातळ, मोरीच्या उतारानं वाहात चाललं होतं.

बोक्याचे हात कमरेवरून खाली आले.

असं रक्त त्यानं जन्मभर पाहिलं होतं. गोदामाच्या फरशीवर, पोत्यांच्या फटींत, रोज. उंदराखेरीज कुणाचं असं रक्त त्यानं बघितलं नव्हतं. नाही, बघितलं होतं. पोरांच्या उशीवर बघितलं होतं, त्यांच्या दातांवर बघितलं होतं, महिनोन्‌महिने, आणि त्याला ओळखू आलं नव्हतं. आपल्या पोरात उंदीर कोण बघतो.

तो मामासमोर उकिडवा बसला आणि त्याचा ओठ अंगठ्यानं वर केला. हिरडी रक्तानं भरलेली. सदरा वर केला. जिथं लाथ बसली होती तिथं तर वळ होतेच, पण जिथं बसली नव्हती तिथंही जुने डाग होते, निळे, पिवळे, पोरांसारखेच.

"हे कधीपासून?" बोक्यानं विचारलं.

"पोती उचलून होतं तसं," मामा म्हणाला. "पोट दुखतंय भावोजी. आतून दुखतंय."

"तू काय खातोस इथं? पोरांबरोबर काय खातोस?"

मामानं उत्तर द्यायची गरज नव्हती. बोका स्वयंपाकघरात धावला, डबा खाली ओढला आणि फरशीवर पालथा केला. खमंग पिठाचा ढीग झाला आणि त्यात त्याच्या थैल्या. मामा यायचा तो मोठ्या कामाला, आणि मोठ्या कामानंतरच ढीगभर थैल्या एकदम पिठात परत यायच्या. त्यानं एक थैली उलटी केली. शिवणीत, दोऱ्याच्या टाक्यांत, फिकट हिरवी भुकटी चिकटलेली होती. तो तोऱ्यानं सांगत आला होता की उकळल्यावर सगळं मरतं. अरे, विष काय जिवंत असतं मरायला? पाण्यात ते विरघळतसुद्धा नाही, पाकिटावर छापलेलं असतं, आणि हा गडी ते वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना घोकून दाखवत होता. पाऊस लागला तरी आमचं औषध जात नाही, साहेब.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं पिठाकडे बघितलं, थैलीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती तिथंच खाली बसली आणि स्वतःच्या हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारायला लागली.

शेजाऱ्याच्या टेम्पोत मामाला घातलं. पोरांना त्याच्या पायाशी. मोठ्या दवाखान्यापर्यंत मामा शुद्धीवर होता. त्याचं पोट फुगून टणक झालं होतं. मध्येच त्यानं धाकट्याला विचारलं, "बघ रे, माझी लिपस्टिक पुसली गेली का?" धाकटा हसला नाही. त्यानं आपल्या बाहीनं मामाचं तोंड पुसलं.

डॉक्टरीणबाई समोर आल्या तेव्हा बोका त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला. त्याच्या हातात ती थैली होती.

"बाई, मी सुपरवायझर नाही. मी उंदीर मारतो. हे पोरांच्या पोटात गेलंय. याच्याही गेलंय."

बाईंनी थैली घेतली, त्याच्या सोललेल्या मुठीकडे बघितलं, मग स्ट्रेचरकडे. "आणि याला कोणी मारलं?"

"मी," बोका म्हणाला.

हे त्या दिवशी सांगितलं असतं तर, असं बाईंनी म्हटलं नाही. त्यांना वेळ नव्हता. त्या धावल्या. मामाला रक्त चढवलं, इंजेक्शनं दिली, पोट उघडलं. आत जिथं म्हणून लाथ बसली होती तिथून पाझर लागला होता आणि एक जागा शिवावी तर दुसरी फुटत होती. दुसरा कोणी असता तर चार दिवस कण्हला असता आणि पाचव्या दिवशी भावोजींना शिव्या घालत उठला असता. मामा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. दोन वाडगे जास्त खायचा, त्याला विषही तेवढंच जास्त पोचलं होतं.

पोरं वाचली. आता रोग कळला होता, औषध किती महिने द्यायचं तेही कळलं. शाळेतल्या बाई येऊन भेटून गेल्या. ड्रायव्हरनंही पोरांना गाडीत घ्यायची तयारी दाखवली. त्याला दात बसवून मिळाला नाही तो नाहीच. बोक्याला पोलिसांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच नेलं. त्यानं काही लपवलं नाही, आणि कुणी विचारलं नाही तरी थैल्यांचं सांगत राहिला. हवालदार वैतागून म्हणाला, बाबा रे, उंदराचं नंतर सांग, माणसाचं आधी सांग.

बायको बरेच दिवस तुरुंगात भेटायला आली नाही. आली तेव्हा जाळीपलीकडे बसली, मांडीवर हात ठेवून, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. भावाचं सगळं तिनं एकटीनं उरकलं होतं. ती वाळली होती.

"पोरं?" बोक्यानं विचारलं.

"बरी आहेत. रक्त थांबलं. परवा धाकटा जिन्यात धडपडला, गुडघा फुटला. बघता बघता खपली धरली." मग तिनं मांडीवरचे हात उलटे करून बघितले. "मी डॉक्टरीणबाईंना खोटं बोलले होते. ते माझ्या डोक्यावर आहेच. ते मी कुणावर ढकलत नाही."

"तू पोरांसाठी बोललीस."

"तुम्हीही पोरांसाठीच मारलंत," ती म्हणाली. "काय उपयोग झाला?"

बोक्यानं जाळीला कपाळ लावलं. पलीकडच्या बाकावर कोणाचं तरी मूल कुरकुरत होतं आणि शिपाई वेळ संपल्याचं सांगत फिरत होता. बायको उठली, पदर सावरला, दोन पावलं गेली आणि परत आली.

"थोरलीला सगळं सांगितलं मी. मामाला कोणी मारलं, कसं मारलं, सगळं. आता घरात थापा नाहीत."

"काय म्हणाली?"

"रडली नाही. रोज झोपताना एकच म्हणते." मग पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "म्हणते, मी बाबांना सांगितलं होतं."